लष्करभरतीचे बंद द्वार : अर्ध्या शतकाचा संघटित लढा

आपल्या समाजाच्या इतिहासातील पराक्रमाच्या कथा आवडीने सांगितल्या जातात. अर्जांची कथा मात्र सहसा कोणी सांगत नाही. कोरेगावचा जयस्तंभ मुलाबाळांस ठाऊक असतो, परंतु ज्या सरकारने तो उभारला त्याच सरकारने पुढे महारांना लष्कराचे द्वार बंद केले, आणि ते पुन्हा उघडण्यास जवळजवळ पन्नास वर्षे खटपट करावी लागली, हे किती जणांस ठाऊक आहे? त्या खटपटीचा वृत्तांत स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात महारांची भरती मोठ्या प्रमाणावर होत असे. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव येथे धारातीर्थी पडलेल्यांच्या स्तंभावरील नामावळीत ‘नाक’ हा प्रत्यय असलेली अनेक नावे त्याची साक्ष देतात. या नोकरीचे मोल केवळ पगारात नव्हते. गावी ज्यांना वतनाची कामे आणि बलुते यांखेरीज आधार नव्हता, त्यांना पलटणीत रोख वेतन मिळे, निवृत्तीनंतर पेन्शन मिळे आणि हुद्द्याचा मान मिळे. त्याहून मोठा लाभ विद्येचा होता. लष्करात शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिक्षण दिले जाई. सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते, आणि १८९१ साली महू येथे जन्मलेले त्यांचे पुत्र भीमराव यांचा पुढील इतिहास सर्वश्रुत आहे.

अशा वेळी, १८९२ च्या सुमारास, महारांची लष्करभरती थांबविण्यात आली. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्‌स यांच्या काळात काही जाती ‘लढवय्या’ आणि इतर तशा नव्हेत, हे मत प्रबळ झाले होते. तशातच पलटणींची रचना जातवार करण्याचे धोरण आले. ज्यांच्या शेजारी इतरांना राहणे नको, त्यांना या नव्या रचनेत जागा उरली नाही. एका आज्ञेने शेकडो कुटुंबांचा पिढीजात उद्योग, आणि त्याबरोबर त्यांच्या मुलांची शाळा, नाहीशी झाली.

या अन्यायाविरुद्ध प्रथम उभे राहिले ते पेन्शनर. महाडजवळील रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे १८८६ साली लष्करातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी अनार्य दोषपरिहारक मंडळीच्या वतीने १८९४ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांस उद्देशून विनंतिअर्ज सिद्ध केला. सुभेदार रामजींनीही न्यायमूर्ती रानडे यांचे साहाय्य घेऊन या बंदीविरुद्ध निवेदन तयार करविले. सरकारने दाद दिली नाही.

वलंगकर १९०० साली निवर्तले. पुढे हे कार्य पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी अंगावर घेतले. मेसॉनिक हॉलमधील नोकरी सांभाळून त्यांनी जे केले, ते संघटनेच्या दृष्टीने अत्यंत मोलाचे आहे. त्यांनी सासवड येथे एकावन्न गावांतील महारांची सभा भरविली आणि दीड हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज मुंबई सरकारकडे पाठविला. १९०८ मध्ये ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक सुरू केले. १९१० साली दक्षिणेतील महारांच्या परिषदेतर्फे थेट भारतमंत्री लॉर्ड क्रू यांच्याकडे अर्ज गेला. त्यात उच्च राजकीय अधिकार मागितले नव्हते. सरकारी नोकरीतील अगदी खालच्या जागा, पोलीस शिपायाची नोकरी आणि सैन्यातील प्रवेश, एवढेच मागणे होते. एका माणसाच्या अर्जापासून गावोगावच्या सभेपर्यंत आणि सभेपासून परिषदेपर्यंत ही वाटचाल झाली.

आज ते अर्ज वाचताना त्यांतील नम्र भाषा खटकते. वलंगकरांच्या अर्जात आपण मूळचे क्षत्रिय असल्याचा दावाही आहे. ज्या उतरंडीने आपणांस तळाशी ठेवले, तिच्याच वरच्या पायरीवर हक्क सांगण्याचा हा प्रकार झाला. ही त्या मार्गाची मर्यादा होय, आणि ती मान्य केली पाहिजे. तथापि ज्यांच्याजवळ मतदानाचा हक्क नव्हता, कायदेमंडळात बोलणारे कोणी नव्हते, त्यांना दुसरी कोणती भाषा उपलब्ध होती, याचाही विचार व्हावा.

पहिल्या महायुद्धात मनुष्यबळाची निकड भासताच ‘लढवय्या’ जातींचा सिद्धांत बाजूस ठेवला गेला. १९१७ मध्ये ‘१११ महार’ ही पलटण उभी राहिली. परंतु युद्ध संपले, खर्चास कात्री लागली, आणि १९२१ पर्यंत ती पलटण मोडण्यात आली. गरज असेपर्यंतच मिळालेली नोकरी हा हक्क नव्हे, हा धडा त्या पिढीने कटुतेने घेतला.

पुढच्या पिढीची भाषा त्यामुळे बदलली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला, आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईच्या कामगारांचा एक दिवसाचा संप घडवून आणण्यात त्या पक्षाने पुढाकार घेतला. विनंतीची जागा आता मागणीने घेतली होती. १९४१ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर नियुक्त झाले, आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबर रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली. प्रारंभी तिच्या चिन्हावर कोरेगावचा स्तंभ होता. पुढे सर्व समाजांच्या जवानांस तिचे द्वार खुले झाले, आणि जनरल कृष्णराव व जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटमधून आले.

हे द्वार उघडण्यास दुसरे महायुद्ध कारणीभूत झाले, असे कोणी म्हणेल. ते खोटे नाही. परंतु पहिल्या महायुद्धानेही द्वार उघडले होते आणि ते पुन्हा बंद झाले. दुसऱ्या खेपेस ते बंद झाले नाही, कारण तोवर समाज सभा भरविण्यास, सह्या गोळा करण्यास, आपले पत्र चालविण्यास आणि प्रसंगी संप करण्यास शिकला होता. अर्ज फेटाळले गेले, पण ते लिहिण्यासाठी जमलेली माणसे पांगली नाहीत.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी पणजोबांचे पेन्शनचे कागद, पलटणीचे दाखले, एखादे पदक ट्रंकेच्या तळाशी पडून असेल. ते जपावे, त्यावरील नावे व सन मुलांकडून लिहून घ्यावेत, ही सर्व सभासद-कुटुंबांस नम्र विनंती. नोकऱ्यांवर कात्री आजही चालते; तेव्हा काय करावे, हे त्या कागदांनी आपणांस पूर्वीच सांगून ठेविले आहे.