मापाची सायकल

विलायतेत सायकल घेऊ पाहणाऱ्या गिऱ्हाइकाने कारखान्यातून तयार होऊन आलेली स्वस्त सायकल पत्करावी, की कारागिराकडे अंगाचे माप देऊन, बयाणा ठेवून आणि आठवडेच्या आठवडे तिष्ठत राहून दुप्पट दामाची घडवून घ्यावी, हा जो पेच दोन महायुद्धांच्या मधल्या काळात उभा राहिला, त्याचा इतिहास सामान्यतः हौसेचा व चैनीचा समजला जातो. वस्तुतः तो मुख्यतः खाणकामगार, गिरणीतील मजूर आणि कनिष्ठ कारकून यांच्या जमाखर्चाचा इतिहास आहे. सुखवस्तू वर्गाला १८९० च्या दशकात सायकलचा नाद लागला होता खरा, परंतु मोटार दाराशी येताच त्याने या वाहनाची रजा घेतली, आणि मागे राहिलेल्या ज्या माणसांनी ते जीव लावून सांभाळले, त्यांच्या खिशात पैसा थोडाच होता.

स्वस्ताईची बाजूही काही लेचीपेची नव्हती. नॉटिंगहॅमला फ्रँक बाउडेन याने १८८८ च्या सुमारास नावारूपास आणलेली रॅले आणि बर्मिंगहॅमला १९१० साली क्रेन बंधूंनी काढलेली हर्क्युलस या कंपन्यांनी उत्पादनाचा व्याप अफाट वाढवला, आणि हर्क्युलसने तर १९३० नंतरच्या मंदीत चार पौंडांच्या आतबाहेर अख्खी सायकल देऊ केली. ही सायकल मजबूत असे, वर्षानुवर्षे टिके. तिचा दोष एवढाच की, उंचीची काही ठरीव मापे सोडली तर ती कोणाच्याच अंगाची नसे. (आपल्याकडे मात्र याच रॅलेचा केवढा तोरा! नॉटिंगहॅमचा मजूर जिला पोटापाण्याची सायकल समजे, ती पुण्या-मुंबईच्या ज्या घरात येई तिथे रोज फडक्याने पुसली जाई, आणि मुलांना तिला हात लावण्याची मुभा नसे.)

मग आठवड्याच्या पगारावर जगणारा माणूस ही सोय सोडून महागडीच्या मागे का लागला? याचे उत्तर त्याच्या रविवारात सापडते. समाजवादी विचारांच्या तरुणांनी १८९४ साली बर्मिंगहॅममध्ये काढलेल्या क्लॅरियनसारखे क्लब तोवर गावोगाव झाले होते. भर रस्त्यावर घोळक्याने शर्यत लावण्यास सायकलस्वारांच्या राष्ट्रीय संघटनेची मनाई असल्यामुळे स्पर्धकांनी भल्या पहाटे, काळे कपडे घालून, एकेका मिनिटाच्या अंतराने एकेकट्याने सुटायचे आणि घड्याळाशी झुंजायचे, असा शिरस्ता पडला होता. या स्पर्धकाच्या पदरी सायकल एकच. पुढच्या आसाच्या दोन्ही अंगांना लावलेल्या धारकांत शर्यतीची हलकी चाके अडकवून तो घरून निघे. जागेवर पोचल्यावर मडगार्ड, दिवा आणि पिशवी उतरवून चाके बदली. शर्यत संपली की सारे पुन्हा जोडून परतीची वाट धरी. आणि सोमवारी भोंगा वाजण्यापूर्वी त्याच सायकलीवर गिरणीच्या फाटकाशी हजर राही. मडगार्डला पुरेशी जागा हवी, चौकट हलकी हवी आणि पाठ दुखता कामा नये, या तिन्ही मागण्या एकाच चौकटीने भागवायच्या, तर ती मापाचीच असणे प्राप्त होते. हप्त्याहप्त्याने का होईना, पण दोन सायकलींचे काम करणारी एक महाग सायकल घेण्यात त्याचा हिशेब चुकत होता असे मला वाटत नाही.

ही चौकट घडवणारा कारागीर नळ्या काही स्वतः ओढत नसे. त्या येत बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सकडून, जिथे आल्फ्रेड रेनॉल्ड्स याने टोकांशी जाड व मध्ये पातळ अशा नळीचे पेटंट १८९७ साली घेतले होते, आणि जिथून १९३५ साली मँगनीज-मॉलिब्डेनमयुक्त पोलादाची ‘५३१’ ही विख्यात नळी बाजारात आली. तीच नळी मोठ्या कारखान्यांनाही मिळे. तेव्हा जादा दाम जाई ते मापाचे आणि हाताच्या कसबाचे: पायांची लांबी, हातांची पोच पाहून कोन ठरवायचे, नळ्या लगमध्ये, म्हणजे सांध्यावरच्या पोलादी खोळीत, बसवून आचेवर लालबुंद करायच्या, वितळलेले पितळ सांध्याच्या फटीत सर्वत्र पसरले की नाही हे नजरेने जोखायचे, आणि मग त्या लगच्या कडा कानशीने घासून कागदासारख्या पातळ करायच्या. आच जास्त झाली तर पातळ नळीचे सत्त्व जाई, कमी झाली तर सांधा कच्चा राही; आणि वरून रंग चढल्यावर हे दोन्ही दोष सारखेच झाकले जात.

अलंकरणाची हौसही याच दुकानांत फोफावली, पण तिच्यामागे निव्वळ हौस नव्हती. हौशी स्पर्धकाने दुकानदाराच्या जाहिरातीचे साधन होऊ नये असा कडक दंडक असल्यामुळे छापील छायाचित्रांतून चौकटीवरचे नाव पुसले जाई; तेव्हा रशियातून येऊन उत्तर लंडनच्या टॉटनहॅममध्ये दुकान थाटलेल्या हायमन हेचिन याच्या सायकलींना जॅक डेनी या कारागिराने मागच्या दांड्यांचा नागमोडी बाक दिला, आणि नावावाचून सायकल दुरूनही ओळखू येऊ लागली. त्या बाकामुळे धक्के कमी बसतात, असा विक्रेत्यांचा दावा असे. तो मला विशेष पटत नाही.

१९५० च्या दशकात कामगारालाही मोटारसायकल व मोटार परवडू लागली आणि हा धंदा बसला. क्लॉड बटलरसारखे नामांकित दुकानही बुडाले आणि त्याचे नाव होल्ड्सवर्थने विकत घेतले. रॅलेने १९६० साली वर्कसॉपची कार्लटन ही हलक्या सायकलींची कंपनी आपल्या पंखाखाली घेतली आणि १९७४ मध्ये इल्केस्टनला जेराल्ड ओ’डोनोव्हन याच्या देखरेखीखाली एक लहानसे खास खाते उघडले. ज्या कसबाला आपण स्वस्ताईने मागे सारले, तेच आता या कारखान्याला पगार देऊन आपल्या घरात नांदवावे लागले. योप झूटेमेल्क याने १९८० ची टूर द फ्रान्स रॅलेच्या संघातून जिंकली. त्या संघाच्या चौकटी इल्केस्टनलाच घडत. त्या संघाचे लाल, काळे, पिवळे रंग लावून कारखान्याने साध्या सायकलीही विकायला काढल्या, आणि त्यांना गिऱ्हाईक उदंड मिळाले.