एफएमवरच्या गाण्याला ठरलेला दर, मग इंटरनेट रेडिओवरच्या गाण्याला का नाही?

पनवेलहून सीएसएमटीची लोकल पकडली की तासाभराहून जास्त वेळ हाताशी असतो. समजा, तेवढ्या वेळात तुम्ही एफएमवर एक गाणं ऐकलं आणि शेजारच्याने तेच गाणं मोबाइलवर इंटरनेट रेडिओवर ऐकलं. निवेदक तसाच, जाहिराती तशाच, पुढचं गाणं कोणतं लागणार हे दोघांच्याही हातात नाही. तरी कायद्यासाठी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एफएमवाल्याला न्यायिक यंत्रणेने ठरवलेल्या दरात गाणं वाजवता येतं. इंटरनेट रेडिओवाल्याने म्युझिक कंपनी सांगेल तो भाव मान्य करायचा, नाहीतर गाणं वाजवायचं नाही.

हे कसं झालं?

२०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन कलम ३१-ड आलं. प्रसारकाने आधी नोटीस द्यायची, ठरलेली रॉयल्टी भरायची आणि गाणं वाजवायचं. मालकाच्या परवानगीची गरज नाही. या कलमात रेडिओ आणि टीव्हीचे दर वेगवेगळे असावेत असं लिहिलंय. इंटरनेटचा उल्लेख मात्र नाही. २०१६ मध्ये केंद्राच्या औद्योगिक धोरण विभागाने परिपत्रक काढून ‘यात इंटरनेटही येतं’ असा अर्थ लावला.

मग मुंबईतली टिप्स कंपनी विरुद्ध एअरटेलचं विंक अ‍ॅप असा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. परवान्याची बोलणी फिसकटल्यावर विंकने ३१-डचा आधार घेतला होता. न्यायमूर्ती शाहरुख काथावाला यांनी २३ एप्रिल २०१९ ला निकाल दिला की, हे कलम फक्त रेडिओ आणि टीव्हीसाठी आहे आणि सरकारी परिपत्रकाने कायदा बदलत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये खंडपीठानेही तेच कायम ठेवलं.

विंकवर हवं ते गाणं निवडून ऐकता येत होतं, डाउनलोड करता येत होतं. त्याला रेडिओ म्हणायचं नाही, हे पटण्यासारखं आहे. पण जिथे ऐकणारा काहीच निवडत नाही, असा साधा इंटरनेट रेडिओही त्याच निकालात बाहेर पडला.

बरं, उद्या इंटरनेट रेडिओला दर द्यायचाच ठरला, तर तो मोजायचा कशावर? खरी मारामारी इथेच आहे, आणि एफएमचा इतिहास त्याचा साक्षीदार आहे.

२००२ मध्ये कॉपीराइट बोर्डाने एफएमसाठी ‘नीडल अवर’चा दर ठरवला, सरासरी सुमारे ६६० रुपये. नीडल म्हणजे तबकडीवरची सुई. निवेदकाची बडबड आणि जाहिराती वगळून प्रत्यक्ष गाणी वाजली तेवढाच तास मोजायचा. जाहिराती मिळोत न मिळोत, मीटर चालूच. रेडिओ कंपन्यांनी ओरड केली. ऑगस्ट २०१० मध्ये बोर्डाने गणितच बदललं आणि निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के रक्कम ठरवली. आता म्युझिक कंपन्या ओरडल्या. ३१ डिसेंबर २०२० ला बौद्धिक संपदा अपील मंडळाने पुन्हा नीडल अवर आणला, शहराची वर्गवारी आणि दिवसाची वेळ बघून. काही महिन्यांतच ते मंडळच बरखास्त झालं आणि दर ठरवण्याचं काम न्यायालयांकडे गेलं.

इंटरनेटवर तिसरीही पद्धत शक्य आहे, कारण तिथे किती जण ऐकतायत हे नेमकं कळतं. दर गाण्यामागे, दर श्रोत्यामागे पैसे. अमेरिकेत हेच आहे. ऐकायला एकदम न्याय्य वाटतं. पण एक काल्पनिक हिशोब करू. नवीन पनवेलच्या एका खोलीतून कुणी मराठी गाण्यांचा इंटरनेट रेडिओ चालवतंय. तासाला १२ गाणी, सरासरी १०० श्रोते, दर १० पैसे. तासाचे १२० रुपये झाले. रोज १० तास धरले तर महिन्याला ३६,००० रुपये. जाहिरातीतून महिन्याला २०,००० येत असतील, तर श्रोते वाढतील तसा तोटा वाढणार. २ टक्क्यांच्या हिशोबाने त्याच स्टेशनला फक्त ४०० रुपये पडतात.

अमेरिकेत २००७ मध्ये असाच दर जाहीर झाला. २००६ साठी दर गाणं, दर श्रोता ०.०८ सेंट, २०१० पर्यंत ०.१९ सेंट. २६ जूनला अनेक इंटरनेट रेडिओंनी निषेध म्हणून दिवसभर गाणी बंद ठेवली. शेवटी २००८ आणि २००९ मध्ये तिथल्या संसदेने तडजोडीला वाट दिली आणि छोट्यांना उत्पन्नाच्या टक्केवारीत पैसे भरता येऊ लागले. गंमत म्हणजे, तिथला नेहमीचा एफएम रेडिओ रेकॉर्डिंगसाठी गायकाला आणि कंपनीला एक पैसाही देत नाही.

पण त्या ४०० रुपयांकडे गीतकाराच्या बाजूनेही बघायला हवं. एका गाण्यात दोन हक्क असतात. रेकॉर्डिंगचा हक्क बहुतेक वेळा म्युझिक कंपनीकडे, तर शब्द आणि चालीची रॉयल्टी गीतकार-संगीतकारांची, जी आयपीआरएस ही संस्था गोळा करते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर हा रॉयल्टीचा वाटा त्यांना कंपनीला लिहून देता येत नाही. तरी एफएमवाले म्हणत होते की रेकॉर्डिंगचे पैसे दिले की झालं. एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात गीतकार-संगीतकारांच्या बाजूने कौल दिला. म्हणजे ज्या एफएमला दर ठरवून मिळाला होता, तिथेही लिहिणाऱ्याला कोर्टात जावं लागलं.

आम्हाला विचाराल तर छोट्या स्टेशनांना टक्केवारी आणि तिच्याखाली एक किमान रक्कम, मोठ्या अ‍ॅप्सना गाण्यागणिक दर, हे त्यातल्या त्यात योग्य वाटतं. टक्केवारीत मात्र एक खोट आहे. उत्पन्न किती, हे स्टेशनच सांगणार. त्यामुळे कोणतं गाणं किती वेळा वाजलं याची नोंद उघडी हवी. ३१-डमध्ये एफएमला नोंदवह्या ठेवण्याची आणि प्रसारणात गीतकार, गायकांची नावं सांगण्याची अटही आहे. तुमच्या आवडत्या स्टेशनवर गीतकाराचं नाव शेवटचं कधी ऐकलंत, आठवून बघा.

जुलै २०२१ मध्ये संसदेच्या वाणिज्यविषयक स्थायी समितीने ३१-डमध्ये इंटरनेट प्रसारणही घ्यावं, अशी शिफारस केली. म्युझिक कंपन्यांचा याला विरोध आहे. मोठ्या अ‍ॅप्सशी थेट करार करून त्यांना जास्त पैसे मिळतात, आणि ठरलेला दर आला की बोलणी करण्याची ताकद जाते. मोठी अ‍ॅप्स त्या टेबलावर बसू शकतात. नवीन पनवेलच्या खोलीतल्या माणसाकडे तिथे जाण्यासाठी वकीलही नसतो.