बेकायदा कारावासाची नुकसानभरपाई
कायद्याचा आधार नसता तुरुंगात डांबलेल्या इसमास सरकारी खजिन्यातून देववलेली रक्कम. भारतीय संविधानात तिची स्पष्ट तरतूद नाही. ती न्यायालयांनी घडविली. मुजफ्फरपूरच्या सत्र न्यायालयाने ३ जून १९६८ रोजी निर्दोष ठरविलेला रुदल साह १६ ऑक्टोबर १९८२ पर्यंत तुरुंगातच खितपत पडला, आणि तो वेडा असल्याच्या सरकारी सबबीस दप्तरी समाधानकारक आधार न आढळल्याने, सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या पीठाने १९८३ मध्ये, मूलभूत हक्कांच्या रक्षणासाठी असलेल्या अनुच्छेद ३२ खालील अधिकारात, बिहार सरकारला आधीच्या ५,००० रुपयांखेरीज ३०,००० रुपये देण्यास फर्माविले. चौदा वर्षांच्या मानाने रक्कम तुटपुंजीच. मात्र ती अंतरिम होती आणि दिवाणी दाव्याची वाट मोकळी राहिली. सार्वभौमत्वाच्या सबबीखाली राज्यास अशी जबाबदारी टाळता येणार नाही, हे नीलाबती बेहेरा खटल्यात (१९९३) ठरले.