दाग : घोड्याच्या ओळखीवरून पेटलेले बंड

१/ इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२० पासून घोड्याच्या शरीरात मायक्रोचिप बसवणे मालकांवर बंधनकारक झाले. हिंदुस्थानात अशी सक्ती सात शतकांपूर्वी झाली होती. साधन होते तापलेले लोखंड.

२/ अल्लाउद्दीन खिलजीने (१२९६–१३१६) लष्करी घोड्यांवर ‘दाग’ उमटवण्याची पद्धत कठोरपणे राबवली. एरवी उत्तम घोड्याचे वेतन घेऊन हजेरीला उसने तट्टू उभे करता येई, किंवा एकच घोडा दोनदा मोजवून घेता येई. कागदावरची फौज रणांगणात उतरत नसे.

३/ अकबराने १५७३-७४ च्या सुमारास ही पद्धत पुन्हा सुरू केली. स्वाराचे वर्णन ‘चेहरा’ म्हणून नोंदले जाई, घोड्यावर दाग पडे. आरंभी चिन्हे वापरली जात. पुढे अंक आले. अंकांमुळे लबाडीस सर्वाधिक आळा बसतो, असे अबुल फजल ‘ऐन-इ-अकबरी’त नोंदवतो.

४/ खरी कसोटी अंमलबजावणीची होती. घोडे तपासणे म्हणजे सरदाराचे उत्पन्न तपासणे. बंगाल-बिहारमध्ये दागाची सक्ती, भत्त्यांतील कपात आणि जहागिरींची चौकशी एकाच वेळी आली. धार्मिक असंतोषाचीही त्यात भर पडली. १५८० मध्ये तेथील सरदारांनी बंड केले आणि बंगालचा सुभेदार मुजफ्फर खान तुर्बती मारला गेला.

५/ बंड मोडले, दाग टिकला. मुघल मनसबदारीत सरदाराच्या दर्जाइतकेच महत्त्व त्याने तपासणीस प्रत्यक्ष हजर केलेल्या घोड्यांना आले.