बी मोकळे, रोप गुन्हा: गांजाच्या बियाण्याची साडेचारशे वर्षांची कहाणी

१/
इगतपुरीतल्या एखाद्या घराच्या गच्चीवर कोणी कुंडीत गांजाचे एक बी रुजवले, तर भारतीय कायद्याच्या दृष्टीने नेमके काय घडते? बियाला कायदा ‘गांजा’ म्हणत नाही. त्याच बियाचे रोप वाढवणे मात्र दहा वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीचा गुन्हा ठरू शकतो. ही विचित्र सीमारेषा कुठून आली, त्याचा हा इतिहास.

२/
कहाणीचा आरंभ गोव्यात होतो. १५६३ साली गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा भारतीय औषधींवरील संवादग्रंथ गोव्यात छापला गेला. त्यात ‘बांग’ म्हणजे भांगेवर स्वतंत्र प्रकरण आहे. ही वनस्पती युरोपात दोरखंडांसाठी पिकवतात तीच का, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता.

३/
ओर्ताचे उत्तर नकारार्थी होते आणि त्याने पुरावा दिला तो बियाचा. इथले बी आकाराने लहान आहे, तितके पांढरे नाही आणि झाडाच्या खोडाला धागा काढण्याजोगी सालही नाही, असे त्याचे निरीक्षण होते. पुढे १७५३ मध्ये लिनियसने युरोपीय झाडाला ‘कॅनाबिस सॅटायव्हा’ हे नाव दिले. १७८५ मध्ये लामार्कने भारतीय झाडाला ‘कॅनाबिस इंडिका’ म्हणून वेगळे काढले.

४/
दख्खनच्या शेतकऱ्याला हा वाद अनोळखी होता. दोरासाठी त्याच्याकडे ताग होता, अंबाडी होती. इंग्रज व्यापाऱ्यांनी या दोन्ही पिकांना ‘सन हेम्प’ आणि ‘डेक्कन हेम्प’ अशी नावे दिली. म्हणून जुन्या कागदांत ‘हेम्प’ दिसले की तो गांजाच असेल असे मानणे चुकीचे ठरते. इथे गांजा पेरला जाई तो मुख्यतः नशेसाठी आणि औषधासाठी.

५/
एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातील गांजाच्या लागवडीचे प्रमुख केंद्र अहमदनगर जिल्हा होते. शेजारच्या मध्य प्रांतात खांडव्याचा परिसर त्यासाठी प्रसिद्ध होता. दोन्हीकडे पाऊस बेताचा आणि फुलोऱ्याच्या काळात हवा कोरडी. शंभर इंचांहून अधिक पाऊस झेलणारी इगतपुरी हा भाताच्या खाचरांचा मुलूख. तिचा संबंध पिकाशी नव्हता, वाटेशी होता.

६/
१८६५ साली थळ घाट ओलांडून लोहमार्ग इगतपुरीला पोचला. १८७० पर्यंत तोच मार्ग भुसावळ, खांडवा करीत जबलपूरला जाऊन भिडला. १८७८ मध्ये दौंड–मनमाड मार्गामुळे अहमदनगरही त्याला जोडले गेले. पिकवणारा मुलूख घाटावर, मोठी बाजारपेठ घाटाखाली मुंबईत. मालाची वाट अशी ठरलेली असली की सरकारला परवाने तपासणे आणि कर वसूल करणे सोपे जाते.

७/
परसातल्या झाडाचे काय? तिथे ना रेल्वे, ना गोदाम, ना दुकान. गांजाच्या बियाला रुजण्यासाठी ओल, ऊब आणि हवा एवढेच लागते. काही दिवसांत अंकुर फुटतो. त्यासाठी कोणतेही खास कसब लागत नाही. खरे कसब पुढे लागे.

८/
या वनस्पतीत नर आणि मादी झाडे बहुधा वेगवेगळी असतात आणि बियाकडे पाहून लिंग कळत नाही. नराचा पराग मादीच्या फुलांवर पडला की बी धरते आणि गांजाची प्रत घसरते. म्हणून नर झाडे वेळीच उपटावी लागत. बंगालमधील नौगावला हे काम करणाऱ्या जाणत्याला ‘पोद्दार’ म्हणत. उत्तम गांजा म्हणजे बी नसलेला गांजा. साहजिकच पुढच्या पेऱ्यासाठी बियाण्याची सोय निराळी करावी लागे.

९/
मार्च १८९३ मध्ये ब्रिटिश संसदेत डब्ल्यू. एस. केन या दारूबंदीवादी सदस्याने गांजाचा प्रश्न उपस्थित केला. त्यातून जुलैमध्ये ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले गेले. अध्यक्ष होते मॅकवर्थ यंग. आयोगाने देशभरातील ११९३ साक्षी नोंदवल्या. भारतीय आणि युरोपीय झाड वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीचे आहे, असाच निर्वाळा त्या काळच्या तपासातून मिळाला. ओर्ताला दिसलेला फरक खरा होता. पण तो निराळ्या जातीचा पुरावा नव्हता.

१०/
आयोगापुढे खरा पेच होता तो मोजणीचा. हिमालयाच्या पायथ्याशी हे झाड आपोआप उगवते. साधूंच्या मठांत, घरांच्या परसांत दोन-चार झाडे असत. ती कोण मोजणार? संपूर्ण बंदीऐवजी आयोगाने नियंत्रणाची शिफारस केली: पुरेसा कर, परवान्याशिवाय लागवडीस मनाई, लागवड मोजक्या ठिकाणी एकवटणे, दुकानांच्या संख्येवर आणि जवळ बाळगण्याच्या प्रमाणावर मर्यादा.

११/
हा निर्णय एकमताचा नव्हता. बेताच्या सेवनाने सहसा मोठी हानी होत नाही, असे बहुमत म्हणत होते. राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद या दोन भारतीय सदस्यांनी मात्र भिन्नमतपत्रिका जोडल्या. त्यांना अधिक कठोर धोरण हवे होते. म्हणजे ‘परके सरकार बंदी लादू पाहत होते आणि देशी मंडळी विरोधात होती’ हे सोपे चित्र इथे लागू पडत नाही.

१२/
परवाना पद्धतीचा परिणाम दूरगामी ठरला. परवानाधारकाचे शेत कायदेशीर झाले आणि परसातले झाड चोरटे. दोन्ही झाडे एकाच बियाची असू शकत होती. फरक होता तो सरकारी वहीतील नोंदीचा. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मद्याबरोबर इतर मादक पदार्थांनाही कक्षेत घेतले.

१३/
१९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात गांजाची व्याख्या फुलोऱ्यावर बेतली गेली. फुलोरा सोबत नसेल तर बी आणि पाने त्यातून वगळली. बियांत नशेचे द्रव्य जवळपास नसते. त्यांचे तेल आणि खाद्य म्हणून उपयोग जुने आहेत. भारताच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने हीच व्याख्या स्वीकारली. २०२१ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने ठरावीक मर्यादेत हेम्पच्या बियांना अन्न म्हणून मान्यताही दिली.

१४/
लागवडीचे कलम मात्र झाडाचा विचार करते. ‘कॅनाबिस’ प्रजातीचे कोणतेही झाड त्यात येते. एक कुंडी की एक एकर, असा किमान आकडा ठरवलेला नाही. धागा, बी किंवा फलोत्पादनासाठी सरकार परवानगी देऊ शकते. जमिनीवर बेकायदा लागवड दिसली तर ती कळवणे, हे जमीनधारकाचेही कर्तव्य आहे.

१५/
ओर्ताने बी हातात घेऊन विचारले होते, ‘हे कोणते झाड?’ १८९४ नंतरच्या सरकारांनी विचारले, ‘हे कोणाच्या परवानगीने लावले?’ इगतपुरीच्या गच्चीवरील कुंडीला आजही याच दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. बरणीत ठेवलेले बी खाद्य असू शकते. ओल्या मातीत पडून रुजले की त्याच बियाला सव्वाशे वर्षांपूर्वीची परवान्याची अट लागू होते.