चाळी आणि त्यांची डागडुजी

इ. स. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात ग्रंथिक सन्निपाताचे पहिले रोगी आढळले. डॉक्टर अकासियो गाब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय वैद्याने रोगाचे नाव ओळखून ते उघडपणे सांगितले आणि थोड्याच आठवड्यांत निम्मे शहर गाठोडी बांधून स्टेशनांकडे व बंदरांकडे धावू लागले. प्लेगाने जेवढी माणसे नेली तेवढाच एक धडा मागे ठेवला. जेथे उजेड नाही, वारा नाही, गटाराचे पाणी जोत्याशी मुरते आणि एका खोलीत आठ-दहा माणसे निजतात, तेथे रोग बिऱ्हाड थाटून बसतो. आणि तो तेथेच राहत नाही, मलबार टेकडीवरही चढतो. गरिबाच्या घराची काळजी श्रीमंताने का वाहावी, या प्रश्नाचे उत्तर मुंबईला प्रथम या रीतीने मिळाले.

त्यातून १८९८ साली ‘सिटी ऑफ बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ निघाला. लोकांनी त्याला ‘इंप्रूव्हमेंट’ एवढ्यावरच आणून ठेवले. नागपाडा येथील योजना ही त्याची पहिली. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढणे, शहराच्या उत्तरेस दादर-माटुंग्याकडे नवी वसाहत उठवणे आणि घराबाहेर पडलेल्या गरिबांसाठी चाळी बांधणे, ही त्याची कामे. पैसा उभा केला तो मुख्यतः कर्जरोख्यांवर. सरकारने व म्युनिसिपालिटीने आपल्या जमिनी दिल्या आणि म्युनिसिपालिटीने दरसाल वर्गणीही भरली. पाडण्याचे काम झपाट्याने झाले, बांधण्याचे सावकाश. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड आजही डौलाने उभे आहेत; परंतु त्या रस्त्यांच्या जागी जी बिऱ्हाडे होती ती सर्व ट्रस्टच्या चाळींत गेली असे मात्र झाले नाही. पुष्कळशी शेजारच्याच गल्लीत शिरली आणि तेथील दाटी वाढवून बसली.

तथापि ज्या चाळी झाल्या त्या त्या काळच्या मानाने चांगल्या होत्या. ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांना तर उजेडाचा ध्यासच होता. दोन इमारतींमध्ये किती अंतर असावे, म्हणजे खालच्या मजल्यावरच्या खोलीतही आभाळ दिसेल, याचे त्यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचे गणित मांडले आणि ते अधिकाऱ्यांच्या गळी उतरवले. परळच्या बी. आय. टी. चाळीत दुसऱ्या मजल्यावरील ५० आणि ५१ क्रमांकांच्या दोन खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१२ पासून १९३४ पर्यंत बावीस वर्षे काढली. परदेशच्या पदव्या घेऊन ते परत आले ते याच खोल्यांत, आणि महाडच्या सत्याग्रहास निघाले तेही येथूनच. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या दोन खोल्यांचा याहून चांगला उपयोग सहसा होत नाही.

पहिल्या महायुद्धानंतर जागेची टंचाई फार वाढली. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी १९२० साली ‘डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ काढले आणि पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प जाहीर केला. त्यासाठी साडेसहा टक्क्यांचे कर्ज काढले आणि शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसवला. वरळीस १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीस १२ अशा एकूण २०७ चाळी उठल्या. तळमजल्यावर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, मधून बोळ, टोकाशी सामाईक संडास; खोली १६० चौरस फुटांची. खोल्या भरल्या सुमारे साडेसोळा हजार, म्हणजे संकल्पाच्या एक-तृतीयांशाच्या आतबाहेर. सिमेंट-लोखंड महागाईत घेतलेले, व्याज जबर. तेव्हा खर्च भागेल असे भाडे गिरणीकामगाराला परवडेना. भाडे उतरवले तरी वरळीच्या कित्येक चाळी दीर्घकाळ ओस राहिल्या. पुढे १९३०च्या सविनय कायदेभंगात त्यांतल्या काहींचा तात्पुरता तुरुंग करण्यात आला! घरे म्हणून बांधलेल्या खोल्यांना पहिले हक्काचे रहिवासी मिळाले ते असे.

येथेच मूळ दुखणे दिसते. चाळ बांधताना तिच्या हिशेबात तीन रकमा असाव्या लागतात. एक कर्जाचे व्याज, दुसरी मुद्दल फेडण्याची पुंजी आणि तिसरी डागडुजी. पहिल्या दोन सावकार वसूल करून घेतो. त्यांची तारीख चुकत नाही. तिसरीचा सावकार कोणी नाही. गिलाव्याला पोपडे आले, पन्हळ फुटली, कठड्यात पिंपळाचे रोप रुजले, तरी कोणी नोटीस धाडत नाही. त्यामुळे उत्पन्न तुटपुंजे पडले की पहिली कात्री डागडुजीला लागते. यंदा राहिली ती पुढच्या साली करू, असे म्हणावयाचे. आणि पुढच्या सालीही तेच म्हणावयाचे.

१९३३ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट म्युनिसिपालिटीत विलीन झाला. चाळी आल्या, जमिनी आल्या, कर्जेही आली. डेव्हलपमेंट खात्याच्या चाळी मात्र प्रांतिक सरकारकडे राहिल्या. म्युनिसिपालिटीच्या १८८८च्या कायद्याप्रमाणे तिच्याकडे येणारा सर्व पैसा एकाच म्युनिसिपल निधीत जमा होतो. चाळींचे भाडे त्या समुद्रात मिसळले, आणि डागडुजीचा पैसा त्याच समुद्रातून काढावयाचा तर रस्ते, दवाखाने आणि शाळा यांच्याशी झोंबी घेऊन काढावयाचा. अंदाजपत्रकावर भाषण करणाऱ्या नगरसेवकाला नव्या दवाखान्याच्या कोनशिलेवर आपले नाव दिसते. दुरुस्त केलेल्या संडासाच्या पाइपावर कोणाचेही नाव कोरीत नाहीत. इंग्लंडात १९३५च्या गृहकायद्याने नगरपालिकांना घरांचा जमाखर्च वेगळ्या खात्यात ठेवावयास लावले आणि १९८९च्या कायद्याने त्या खात्याभोवती कुंपणही घातले, म्हणजे भाड्याचा पैसा इतरत्र जाऊ नये व इतर पैसा त्यात शिरू नये. तेथेही तक्रारी संपल्या नाहीत ही गोष्ट खरी. परंतु कोणत्या साली किती भाडे आले आणि त्यातले किती घरांवर लागले, हे निदान एका पानावर पाहावयास मिळते.

मुंबईत भाडे गोठले. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने खाजगी घरमालकांचे हात बांधले. सरकार आणि म्युनिसिपालिटी यांच्या मालकीच्या जागा त्या कायद्यातून वगळल्या होत्या. कायद्याची आडकाठी नव्हती, आडकाठी होती मतांची. शेजारच्या खाजगी चाळीत भाडे वाढत नसताना म्युनिसिपालिटीने आपल्या चाळीत ते वाढवावे, हे सांगण्याची छाती कोणत्या पक्षाला होणार? रहिवाशांचेही एक म्हणणे होते, आणि ते सर्वस्वी चुकीचे म्हणता येत नाही: आधी छत गळावयाचे थांबवा, मग भाडे मागा. दोघे एकमेकांकडे बोट दाखवीत राहिले आणि पाणी झिरपत राहिले.

हे झिरपणे नेमके काय करते ते समजून घेण्याजोगे आहे. काँक्रीटच्या पोटात लोखंडी सळया असतात. काँक्रीट धड असेपर्यंत त्या सुरक्षित. मोरीची फरशी फुटली किंवा संडासाचा पाइप तडकला की ओल आत शिरते. मुंबईची खारी हवा तिला साथ देते. सळईला गंज चढतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा खातो. आतून दाब येऊन काँक्रीटला चीर पडते, चिरेतून आणखी ओल जाते, आणि एके दिवशी छताचा पापुद्रा थाळीएवढा सुटून खाली येतो. पाइपाचा सांधा वेळीच बदलला असता तर हे एका प्लंबरच्या अर्ध्या दिवसाच्या कामावर निभावले असते. सळई गंजल्यावर तेच काम टेकू लावून, तुळया उघड्या करून, बिऱ्हाडे हलवून करावे लागते. आणि बिऱ्हाडे हलवावयाची कोठे, हा प्रश्न पुन्हा म्युनिसिपालिटीपुढेच उभा राहतो. गंजलेल्या सळईवर नुसता गिलावा थापून चुना फासणे, ही तर सर्वांत महाग दुरुस्ती होय, कारण ती रोग झाकते.

खाजगी जुन्या इमारती पावसाळ्यात कोसळू लागल्या तेव्हा शासनाने १९६९ साली इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा केला. १९,६४२ इमारतींवर उपकर बसवला. त्यांपैकी १६,५०२ इमारती १९४०च्या आधीच्या होत्या. हा उपकर मालमत्ता-कराबरोबर म्युनिसिपालिटी गोळा करते आणि दुरुस्ती मंडळ करते. १९७७ पासून ते काम ‘म्हाडा’कडे आले. मंडळाच्या कामाविषयी लोक बरेच बोलतात आणि त्यांतले थोडके खोटे असेल. तरीही डागडुजीसाठी वेगळा कर आणि वेगळे खाते, हा विचार येथे प्रथम कायद्यात उतरला. नवल एवढेच की तो उतरला खाजगी घरांसाठी. म्युनिसिपालिटीच्या स्वतःच्या चाळी अंदाजपत्रकाच्या कृपेवरच राहिल्या.

त्या कृपेचे मोल २७ सप्टेंबर १९१३च्या नव्हे, तर अगदी अलीकडच्या, २७ सप्टेंबर २०१३च्या पहाटेने सांगितले. माझगावात डॉकयार्ड रोडजवळ बाबू गेनू मंडईची इमारत साखरझोपेत कोसळली आणि ६१ माणसे दगावली. इमारत म्युनिसिपालिटीची, राहणारे तिचेच नोकर आणि त्यांची मुलेबाळे. ती काही प्लेगाच्या काळातली नव्हती. पुरती पस्तीस वर्षांचीही नव्हती. तळमजल्यावरच्या गोदामात फेरबदल केल्याचा आरोप झाला. परंतु गोदामही म्युनिसिपालिटीनेच भाड्याने दिलेले होते. धोकादायक इमारत सुरक्षित करणे किंवा हटवणे हे कायद्याच्या ६१व्या कलमाप्रमाणे म्युनिसिपालिटीचे बंधनकारक कर्तव्य आहे, आणि ३५४व्या कलमाखाली आयुक्त मालकाला तशी नोटीस देतात. मालक जेव्हा म्युनिसिपालिटीच असते तेव्हा नोटीस एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जाते. तीस वर्षांवरील इमारतीची अभियंत्याकडून तपासणी करून घेणे खाजगी मालकाला बंधनकारक झालेले असताना, स्वतःच्या घरापुरते हे काम किती निकडीने व्हावे याचा विचार ६१ तिरड्या उठल्यावर सुरू झाला.

आता उपाय म्हणून पुनर्बांधणीकडे पाहिले जाते. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील बी. डी. डी. चाळींचे काम म्हाडाकडे सोपवून २०१७च्या एप्रिलात भूमिपूजन झाले, आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतला माणूस ५०० चौरस फुटांच्या घरात गेला, स्वतःचा संडास मिळाला, खिडकीतून समुद्राकडचे वारे आले; हे सुख लहान नव्हे. जुन्या चाळीत जिना चढण्याला पैसा लागत नसे. नव्या मनोऱ्यांत उद्वाहक आहे, वर पाणी चढवणारा पंप आहे, आग विझवण्याची यंत्रणा आहे, आणि या तिन्हींचे बिल महिन्याच्या महिन्याला येते.