चौकटीबाहेरचा खांब

आयटीतल्या माणसाने इतिहासावर लिहावे म्हणजे जरा आगाऊपणाच. पण आमच्या धंद्यात दिवसातून दहादा ‘फ्रेमवर्क’ हा शब्द तोंडी येतो, आणि एका फ्रेमनेच मला या विषयाकडे ओढले.

आमच्या लंडनच्या घरात एक जुना फोटो आहे. साल १९८८, मुंबईतला काळा घोडा परिसर. मी सात वर्षांचा, आणि शेजारी बाबा एका लोखंडी खांबाला हात टेकून उभे. खांबाचा मधला तुकडाच तेवढा फोटोत आला आहे. तो दिव्याचा खांब असावा, असे मी इतकी वर्षे धरून चाललो होतो. लेकीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी बाबांना फोन केला, तर ते म्हणाले, “अरे, दिव्याचा कसला? एस्प्लनेड मॅन्शनचा खांब तो! आमच्या वकीलसाहेबांचं ऑफिस वरच होतं.”

एस्प्लनेड मॅन्शन म्हणजे पूर्वीचे वॉटसन हॉटेल. १८६७ ते १८६९ या काळात ते उभे राहिले. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये तयार झाला आणि सुटे भाग जहाजाने मुंबईला आणून जोडले गेले. सगळा भार खांब आणि तुळयांवर. भिंती फक्त मधली जागा भरायला. आपल्या पुण्याच्या वाड्यांची रीत काही फार वेगळी नव्हती. तिथेही लाकडी खांब-तुळया भार पेलत आणि मध्ये विटा भरत. फरक इतकाच, की इथे लाकडाच्या जागी लोखंड आले.

या सांगाड्याचा अभियंता होता रोलँड मेसन ऑर्डिश. हे नाव वाचले आणि मी चमकलो. ज्या सेंट पँक्रास स्टेशनवरून मी कित्येक वर्षे ये-जा करतो, त्याच्या १८६८ सालच्या सुमारे २४० फूट रुंद छपराच्या कामात बार्लोच्या जोडीला हाच ऑर्डिश होता. चेल्सीचा आल्बर्ट ब्रिजही त्याचाच. म्हणजे बाबा नोकरीला जात ती इमारत आणि मी गाडी पकडतो ते छप्पर, दोन्हींमागे एकच डोके!

वॉटसनमध्ये आणखी एक फ्रेम जन्माला आली. ७ जुलै १८९६ रोजी तिथे ल्युमिए बंधूंच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या. भारतातला हा पहिला चित्रपटाचा खेळ. सिनेमा म्हणजे तरी काय, एकामागून एक भरभर सरकणाऱ्या स्थिर फ्रेम्स! तो पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, या मराठी छायाचित्रकाराने इंग्लंडहून कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. १९०१ मध्ये केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर र. पु. परांजपे यांचे मुंबईतले स्वागत टिपले. आपल्यासारख्यांनी यावर जरा थांबावे. भारतीय माणसाने केलेल्या अगदी सुरुवातीच्या चित्रणांपैकी एक आहे ते परदेशी शिकून घरी परतलेल्या एका मराठी विद्यार्थ्याचे. मी स्वतः २००३ साली एमएस्सीसाठी इथे आलो आणि इथलाच झालो. परतीची फ्रेम माझ्या नशिबी नव्हती.

पुढे ऑर्डिशच्या या दोन सांगाड्यांचे नशीबही वेगळे निघाले. सेंट पँक्रास १९६० च्या दशकात पाडायला निघाले होते. कवी जॉन बेट्जमन आणि इतरांनी आवाज उठवला, १९६७ मध्ये त्याला सर्वोच्च श्रेणीचे संरक्षण मिळाले आणि २००७ मध्ये तिथून युरोपच्या गाड्या सुटू लागल्या. वॉटसनचे मात्र हॉटेल बंद पडून लहान लहान गाळे झाले. गोठलेल्या भाड्यात दुरुस्ती कोणी करायची, हा मुंबईच्या कित्येक जुन्या इमारतींचा प्रश्न इथेही होताच. २००५ मध्ये दर्शनी भाग कोसळून एकाचा बळी गेला. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने २००६ च्या धोक्यातल्या शंभर वास्तूंच्या यादीत तिचे नाव घातले. २०१९ मध्ये धोकादायक म्हणून ती रिकामी करण्यात आली, आणि पाडायची की वाचवायची यावर वाद झडले.

दोष एकट्या सरकारला देऊन मी मोकळा होऊ शकत नाही. कारण त्या खांबाला टेकून माझेच वडील उभे होते आणि तीस वर्षांत मी एकदाही विचारले नाही, की हा खांब कसला. वास्तू जपायला पैसा, कायदा सगळे लागतेच. पण त्याआधी ती कोणाला तरी ओळखीची असावी लागते.

आपल्या प्रत्येकाच्या घरी असे फोटो आहेत. आईची साडी, मुंजीतला मुलगा हे सगळ्यांना दिसते. मागचा वाडा, गिरणी, विहीर कोणी पाहत नाही. सांगू शकणारी माणसे आहेत तोवर या दिवाळीत एक फोटो काढा, फोन लावा आणि विचारा, “मागे काय आहे?” उत्तर फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवा. आमच्या फोटोच्या पाठीवर लेकीने लिहिले आहे : ‘आजोबा, बाबा आणि ऑर्डिशचा खांब.’